दिवा न लावता बसणे

हार्लेम, १४ सप्टेंबर १९५७

श्री. लाम्मर्ट होविंग यांस,

गेली नऊ वर्षं तुम्ही आमच्या बोली-कोशाची प्रश्नपत्रकं न चुकता भरून पाठवता. लाकडी जोडे कोरणाऱ्या हाताचं अक्षर इतकं सुबक कसं, यावर आमच्या कार्यालयात दर वर्षी एकदा तरी चर्चा होते. या वेळी पत्रकाऐवजी पत्रच लिहिते आहे, कारण एका क्रियापदापाशी आमचं गाडं अडलं आहे.

क्रियापद: स्खेमेरन. अंधुक होणे, संध्याकाळ दाटणे, हा अर्थ देशभर सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमच्या ड्रेन्थ प्रांतातून पूर्वी आलेल्या काही चिठ्ठ्यांवर संध्याकाळ नव्हे, माणसंच स्खेमेरन करताना दिसतात. ती नेमकं काय करतात? रूपं सरळ आहेत. आज स्खेमेर्त, काल स्खेमेर्दे, होऊन गेलं की खेस्खेमेर्त. पण ती मी, तू, आम्ही, तुम्ही अशा सगळ्यांना लावून चालवता का? आणि मुख्य प्रश्न असा की हे अजून जिवंत आहे का?

मेलेल्या शब्दापुढे आम्ही बारीक फुली छापतो. हा खंड डिसेंबरअखेर छापखान्यात जायचा आहे.

आपली,
डिना क्विंट

*

एल्डरस्लो, २१ सप्टेंबर

क्विंटबाई,

अक्षराचं कौतुक पोचलं. लाकडावर चुकलं तर जोडा फुकट जातो. कागदावर चुकलं तर खोडता येतं, म्हणून हात सैल सुटतो, एवढंच.

तुमचा शब्द ठणठणीत आहे. फुली खणात ठेवून द्या.

सूर्य बुडाला की हातातलं काम दिसेनासं होतं, आणि दिवा लावायला मात्र अजून अवकाश असतो. पूर्वी तेल वाचवायला लोक तसेच बसत. आता गावात वीज आली तरी बसतात. त्या मधल्या तासात शेजारीपाजारी मागच्या दाराने येतात. दार ठोठावायचं नाही, येऊ का म्हणून विचारायचं नाही. जोडे दाराशी काढायचे, मोज्यांनी आत यायचं आणि आपली खुर्ची गाठायची. शेगडीच्या भोकांतून लाल उजेड पडतो, तेवढा पुरतो. बायका विणतात, कारण सुयांना डोळे लागत नाहीत. पुरुष पाइप ओढतात आणि थापा मारतात. माझा शेजारी हिंडर्क चाळीस वर्षं एकाच गाईची गोष्ट सांगतो आहे, आणि दर वर्षी ती गाय बादलीभर जास्त दूध देते. त्याची फेना म्हणते, "बास कर रे, कालव्याला पूर येईल." माझी मार्खीन मोठ्याने हसत नाही. तिच्या सुयांचा आवाज थांबला की ती हसते आहे असं समजायचं.

मग घरची बाई उठते आणि दिवा लावते. दिवा लागला की बैठक मोडली. जो तो आपले जोडे शोधत घरी जातो. दिवा लागलेल्या घरात आमच्याकडे बाहेरचं कुणी पाऊल टाकत नाही. तिथे जेवण चाललेलं असतं, बायबल वाचणं असतं, नवराबायकोचं भांडण असतं. पाद्रीबुवासुद्धा कुंपणापासून मागे फिरतात. खिडकी काळी दिसली की खुशाल यावं. नियम एवढा एकच.

चालवायचं म्हणाल तर आम्ही, तुम्ही, ते. 'मी' आणि 'तू' यांच्यापुढे रेघ मारली आहे. एकट्याचं लग्न लागत नाही, तसंच हे.

ला. होविंग

*

हार्लेम, २ ऑक्टोबर

श्री. होविंग,

तुमचं पत्र मी कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवलं. गाय सगळ्यांना आवडली.

शब्दाच्या मुळाचं सांगायचं तर, जुन्या भाषेत 'स्खेमे' म्हणजे सावली. हे क्रियापद तिच्यापासून झालं. पण आणखी खाली खणत गेलं की सावलीचं आणि चमकण्याचं मूळ एकच निघतं. अंधार पुरता पडलेला नाही आणि उजेड पुरता गेलेला नाही, अशा वेळेला आपल्या पूर्वजांनी एकच शब्द ठेवला. हे मी पुस्तकांतून शोधलं. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच ते. तुम्ही त्यात बसता.

खरं सांगू? हेवा वाटला. माझी भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. भिंतीपलीकडे घरमालकीण बाउल्सबाई रेडिओ लावून बसतात. सात वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते जिन्यावर, आणि तेही केराच्या डब्यावरून. माझ्याकडे कुणी मागच्या दाराने येत नाही. मागचं दारच नाही.

आता कामाचं. शब्द जिवंत ठरायचा तर कुणीतरी खरोखर बोललेलं एक वाक्य लागतं, बोलणाऱ्याचं नाव आणि तारखेसकट. सोबत कोरं कार्ड आहे. तुमच्याकडे बैठकीचा हंगाम सुरू झालाच असेल. मार्खीनबाईंच्या तोंडचं एखादं वाक्य टिपून पाठवाल का? सुया थांबल्यानंतरचं असलं तरी चालेल.

डिना क्विंट

*

एल्डरस्लो, २७ ऑक्टोबर

क्विंटबाई,

मार्खीनच्या तोंडचं वाक्य मिळायचं नाही. ती फेब्रुवारीत गेली.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. म्हणजे अगदी खोटंही नाही. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, लोक शेतात असतात, तेव्हा कुणी येत नाही हे ठरलेलंच आहे. सप्टेंबरात तुमचं पत्र आलं तेव्हा मी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. वाटलं, आता आठवड्याभरात सुरू होईल. जे होणार आहे ते आहे असं लिहिलं तर काय बिघडलं? मार्खीनचं लिहायला नको होतं. पण लिहिता लिहिता तिच्या सुया ऐकू आल्या.

कुणी आलं नाही. सहा आठवडे झाले.

अंधारून आलं की मी लगेच दिवा लावतो. स्वयंपाकघरातला लावतो, बाहेरच्या खोलीतलाही लावतो. काळोख व्हायला लागला की तिची खुर्ची मोठी मोठी होत जाते. दिव्यात ती नुसती खुर्ची असते. मग ताकाची लापशी गरम करतो आणि कान देऊन बसतो.

गावातले सगळे जोडे माझ्या हातचे, त्यामुळे वाटेवर कोण आहे ते मला बघावं लागत नाही. हिंडर्कचा डावा पाय आखूड, म्हणून त्याच्या डाव्या जोड्याचा तळ मी दोन बोटं जाड ठेवतो. टक्, ठप्. टक्, ठप्. विटांच्या वाटेने माझ्या कुंपणापर्यंत येतो. थांबतो. पाइपसाठी काडी ओढतो. आणि परत टक्, ठप् करत जातो. रोज! चाळीस वर्षांचा दोस्त. माझं रडगाणं ऐकायचा कंटाळा आला असणार, आणि तोंडावर सांगायची लाज वाटत असणार. मग अर्ध्या वाटेपर्यंत येऊन मनाचं समाधान करून घेतो. त्याला हाक मारावी असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नसतं, बाई. 'ये' म्हणावं लागलं तर ते येणं कसलं?

आसन शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली आहे. एक डिसेंबरच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे. कॅनडातून मुलगा लिहितो, जा म्हणून. घर जाईल, कारखाना जाईल, विलोचं सुकत ठेवलेलं लाकूड जाईल. मला जायचं नाही. पण इथे राहून तरी कुणासाठी राहायचं?

कार्ड कोरंच परत करतो. फुली टाका.

ला. होविंग

*

हार्लेम, १८ नोव्हेंबर

श्री. होविंग,

मार्खीनबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. मी सुयांबद्दल गमतीने लिहिलं, त्याची लाज वाटते.

उत्तराला तीन आठवडे लागले. त्याचं कारण लपवत नाही. तुमचं दुसरं पत्र आलं त्या दिवशी, २८ तारखेला, मी ते फाइलमध्ये पहिल्या पत्राशेजारी लावलं आणि दोन्ही ओळीने वाचली. लगेच लिहायला बसले. मग साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आपण शब्द गोळा करतो, बाई. गावं दुरुस्त करत नाही." मलाही वाटलं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच गावची रीत मी काय सांगणार? चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

आता लिहिते. सप्टेंबरात तुम्हीच लिहिलं होतं की दिवा लागलेल्या घरात कुणी पाऊल टाकत नाही, खिडकी काळी दिसली की खुशाल यावं. आणि ऑक्टोबरात लिहिलंत की अंधारून आलं की तुम्ही लगेच दिवा लावता. दोन्ही खोल्यांतला.

श्री. होविंग, ते येत आहेत. तुम्ही त्यांना रोज घरी पाठवता.

एका साक्षीदाराच्या शब्दावर फुली टाकता येत नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. म्हणून एक काम सांगते, कार्यालयाचं काम समजून करा. एक संध्याकाळ दिवा लावू नका. कोण येतं ते लिहून कळवा.

डिना क्विंट

*

एल्डरस्लो, २३ नोव्हेंबर

क्विंटबाई,

हिंडर्क बारा तारखेला गेला. सकाळी गोठ्यात पडला आणि तिथेच संपला.

मी त्याचा सगळ्यांत जवळचा शेजारी. घरोघर जाऊन वर्दी द्यायचं काम माझं. दिली. सोळा तारखेला पुरला. नंतरच्या कॉफीला फेना माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "लाम्मर्ट, तू बरा होतास ना रे? हा रोज निघायचा तुझ्याकडे यायला. परत येऊन म्हणायचा, आजपण दिवा लागलाय. त्याला एकट्याला राहायचंय. उद्या बघू."

माझ्या हातात पाव होता. तो तसाच हातात राहिला.

तुमचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. त्यात नवं काही नव्हतं.

हे मला कसं कळलं नाही, असं तुम्ही मनात म्हणाल. मीही म्हणतो. आमच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षं दिवा मार्खीनने लावला. मी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता. आणि घरात बसलेल्या माणसाला स्वतःची खिडकी दिसत नाही. सकाळी कुंपणापाशी गेलो. खाली जळक्या काड्या पडल्या होत्या, पावसाने भिजलेल्या. मोजल्या नाहीत.

तुम्हाला २८ तारखेलाच कळलं होतं. त्या दिवशी लिहिलं असतंत तर दोन आठवडे मिळाले असते. तुम्हाला दोष देत नाही, असं आधी लिहिलं आणि खोडलं. देतो. थोडा. बाकीचा सगळा माझा.

तुमचं काम केलं नाही. मी दिवा न लावता बसलो, तरी जो यायचा तो येणार आहे का?

फेनाच्या खिडकीत रोज चार वाजताच दिवा लागतो. आत कुठली खुर्ची मोठी होत असेल ते मला कुणी सांगायला नको. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण दिवा लागलेल्या घरात जायचं नसतं.

आसनला होकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. शुक्रवारी पेटीत टाकणार.

ला. होविंग

*

हार्लेम, २५ नोव्हेंबर

श्री. होविंग,

दोष कबूल. थोडा नाही, अर्धा माझ्याकडे राहू द्या.

या वेळी साहेबांना विचारलेलं नाही. काल संध्याकाळी मी बाउल्सबाईंच्या दारावर टकटक केली. रेडिओवर काय छान लागलं आहे, असं म्हणायचं ठरवून गेले होते. त्यांनी दार बोटभर उघडलं, "आवाज होतोय का? कमी करते," म्हणाल्या आणि लावून घेतलं. रेडिओ खरंच कमी केला. आता तोही नीट ऐकू येत नाही.

त्यामुळे दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि जा असं दुसऱ्याला सांगणं किती सोपं असतं तेही ठाऊक आहे. तरी सांगते.

जा.

डिना

*

एल्डरस्लो, ४ डिसेंबर

डिनाबाई,

शुक्रवारी आसनचं पाकीट खिशात घालून निघालो. टपालपेटी चर्चपाशी आहे, आणि वाट फेनाच्या कुंपणावरून जाते. साडेचार झाले होते. खिडकीत दिवा होता.

मी कुंपणापाशी थांबलो. पाइप काढला, काडी ओढली. तिचा आवाज झाला आणि मला एकदम कळलं की मी कुणाच्या जागी उभा आहे. तो सात-आठ आठवडे रोज असा उभा राहिला, माझ्या मर्जीचा मान राखून. आणि मी आत बसून त्याच्यावर रागावत होतो. मला रडू आलं, बाई. चर्चमध्ये आलं नव्हतं.

मग मी आमच्या गावात कुणी करत नाही ते केलं. जोडे काढले आणि मागच्या दाराने आत गेलो.

फेना टेबलापाशी दिव्याखाली बसली होती. हातात एक राखाडी मोजा होता, पुरुषाच्या मापाचा, अर्धा झालेला.

"लाम्मर्ट! दिवा लागलाय, दिसत नाही तुला?"

"दिसला म्हणूनच आलो."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला दिसेनासं झालं."

तिने मोजा पुन्हा विणायला घेतला. मी भिंतीकडे गेलो आणि बटणावर बोट ठेवलं. "मालवू का गं?"

तिच्या सुया थांबल्या. मी दिवा मालवला.

खुर्ची होती, हिंडर्कची, शेगडीशेजारी. मोठी होत गेली. आम्ही दोघांनी ती होऊ दिली. मग फेना म्हणाली, "ती गाय. तिचं नाव काय सांगायचा रे तो?"

"दर वर्षी वेगळं सांगायचा. खरं सांगू का फेना, इतकं दूध देणारी गाय त्याच्याकडे नव्हतीच कधी."

"मला सांगतोस? चाळीस वर्षं धार कोण काढत होतं?"

आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता दुसरंच काहीतरी झालं. अंधार होता ते बरं. मी शेगडीत जळाऊ मातीचं ढेकूळ घातलं, नीट बसलं असतानाही परत हलवलं. मग विटांवर जोडे वाजले. पलीकडची रूलीना. बर्चच्या लाकडाचे, पुढे टोकदार, दोन वर्षांपूर्वी मीच केलेले. कुंपणापाशी ती थांबली. आम्ही दोघांनी श्वास धरला. खिडकी काळी होती. मग मागचं दार उघडलं, आणि ती न बोलता येऊन बाकावर बसली.

आसनचं पाकीट खिशातच राहिलं. शनिवारी दुसरं लिहिलं, नकाराचं, आणि टाकलं. मुलगा चिडेल. चिडू दे.

सोमवारी सगळे माझ्याकडे होते. सगळे म्हणजे फेना, रूलीना आणि तिचा नवरा. मार्खीनच्या खुर्चीत कुणी बसलं नाही, हिंडर्कची जागाही तशीच ठेवली. त्यामुळे खोली भरली असं म्हणता येत नाही. सुया एकाच जोडीच्या होत्या. मी दहा महिने चारचौघांत बसून बोललो नव्हतो, तेव्हा थाप मारायचीसुद्धा सवय गेली आहे. ती परत येईल.

तुमच्या पावलाची लांबी बोटांत मोजून कळवा. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मोजा घालून. आसनहून एल्डरस्लोला बस आहे, चार वाजता पोचते. शहरी बुटांना आमच्याकडे फार चिखल लागतो, म्हणून विलोचा एक जोडा मागच्या दाराशी करून ठेवतो. बोलावत नाही. जोडा असेल, एवढंच सांगतो.

कार्ड भरून सोबत जोडलं आहे.

लाम्मर्ट होविंग

शब्द: स्खेमेरन.

ठिकाण: एल्डरस्लो, होविंग यांचं घर.

तारीख: २ डिसेंबर १९५७.

बोलणारी: फेना, हिंडर्कची बायको, वय एकाहत्तर.

प्रसंग: अंधार दाटला तसा माझा हात सवयीने बटणाकडे गेला.

वाक्य: "राहू दे दिवा, लाम्मर्ट. आपण स्खेमेरन करतोय. कुणी यायला निघालं असेल, ते परत जाईल."